ड्राफ्टिंग येतं, आता पॅरामेट्रिक मॉडेलिंग: एका फ्लँजपासून सुरुवात

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या एमआयडीसीत डाळ मिलची यंत्रं, ठिबकचे फिल्टर, पाइप फिटिंग, जिनिंगचे सुटे भाग करणारी लहान वर्कशॉप आहेत. तिथे बऱ्याच ठिकाणी ड्रॉइंग अजून दोन मितींतच होतं. आयटीआयतून ड्राफ्ट्समन होऊन आलेला मुलगा लाइन, ऑफसेट, ट्रिम, डायमेन्शन सफाईने करतो. त्यालाच सॉलिड मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर दिलं की पहिले काही दिवस तो अडखळतो. याचं कारण नव्या कमांड नसतात. माप कशासाठी लिहायचं, याची सवयच इथे बदलावी लागते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. सराव फ्रीकॅडवर घेऊ. ते मोफत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि ८ जीबी रॅमच्या साध्या संगणकावर इतक्या कामाला पुरतं. आवृत्ती १.० किंवा त्यापुढचीच घ्या, कारण पुढे येईल.

फरक नेमका कुठे

ड्राफ्टिंगमध्ये फाइलीत रेघा साठवलेल्या असतात. वर्तुळ म्हणजे केंद्राचे दोन आकडे आणि एक त्रिज्या. समोरचा व्ह्यू, वरचा व्ह्यू आणि सेक्शन हे तिन्ही एकाच भागाचे आहेत हे तुम्हाला माहीत असतं, फाइलीला नसतं. प्लेटची जाडी १६ वरून २० झाली तर तिन्ही ठिकाणी हाताने बदल करायचा, हॅच पुन्हा घालायचं, मापं तपासायची. एक जागा सुटली की कागदावरच दोन भाग तयार होतात, आणि टर्नर त्यातला त्याला आधी दिसला तो करतो.

पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये भाग कसा बनला त्याची रीत साठवलेली असते: हे स्केच, त्याला इतकी जाडी, त्यात हे भोक, ते भोक गोलाईत इतक्या वेळा, शेवटी कड मारलेली. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. आकडा बदलला की सॉफ्टवेअर सगळी रीत पुन्हा पहिल्यापासून चालवतं. व्ह्यू आणि सेक्शन मॉडेलमधूनच निघतात, त्यामुळे त्यांच्यात विसंगती उरत नाही.

ड्राफ्टिंगमधलं माप काढून झालेल्या रेघेबद्दल माहिती देतं. पॅरामेट्रिकमध्ये माप आधी येतं आणि रेघ त्याचं ऐकते. म्हणून इथे काढायला बसण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: या भागात मालक मापं कोणती आणि कोणती मापं त्यांच्यामागून येतात?

हे दोन पंथ अगदी वेगळे राहिलेले नाहीत. १९६३ मध्ये एमआयटीत इव्हान सदरलँड यांनी केलेल्या स्केचपॅडमध्येच रेघांवर बंधनं घालता येत होती. १९८२ मध्ये आलेलं ऑटोकॅड साध्या पीसीवर चालू लागलं आणि ड्राफ्टिंग सगळीकडे पसरलं. इतिहासासकट सॉलिड मॉडेल करणारं प्रो-इंजिनिअर त्या दशकाच्या शेवटी आलं, सॉलिडवर्क्स १९९५ मध्ये. ऑटोकॅडमध्येही सॉलिड करता येतं, आणि २०१० च्या आवृत्तीपासून द्विमितीय रेघांवर बंधनंही घालता येतात. पण रोजच्या कामात ती क्वचितच वापरली जातात.

खोट्या मापाची सवय आधी सोडा

घाईत असलेला ड्राफ्ट्समन रेघ न हलवता मापाचा फक्त मजकूर बदलतो. रेघ १२२ ची, वर लिहिलेलं १२५. प्रिंट हातात घेऊन काम करणाऱ्या फिटरला त्याने काही अडत नाही, तो आकडा वाचतो. पण तीच फाइल डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या रेघा दुसऱ्या सॉफ्टवेअरला किंवा मशीनला देण्याचा फाइलप्रकार) होऊन लेझर किंवा प्लाझ्माच्या टेबलावर गेली की मशीन रेघ वाचतं. प्लेट १२२ ची कापली जाते आणि भंगारात जाते. पॅरामेट्रिक स्केचमध्ये हे होऊ शकत नाही, कारण १२५ लिहिलं की रेघ १२५ ची होतेच. नवीन माणसाला सुरुवातीला याच गोष्टीचा त्रास होतो: एक माप टाकलं आणि दुसरीकडची रेघ सरकली. ती सरकली म्हणजे तुम्ही तिला कुठे बांधलेलं नव्हतं, एवढाच अर्थ.

सरावाचा भाग: दोन इंची पाइपचा फ्लँज

फ्लँज म्हणजे पाइप एकमेकांना बोल्टने जोडण्यासाठी टोकाला लावायची चकती. आकडे हे आहेत: बाहेरचा व्यास १६५, बोअर म्हणजे मधलं भोक ६१.५ (दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३, वेल्डिंगसाठी पाइप सहज सरकावा म्हणून थोडी जागा), पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १२५, बोल्टची भोकं ४, प्रत्येकी १८ मिमी (एम १६ बोल्टसाठी), जाडी २०. खऱ्या ऑर्डरमध्ये पार्टीने सांगितलेलं स्टँडर्ड आणि प्रेशर रेटिंग पाहूनच आकडे घ्या. दोन इंचीचे सगळे फ्लँज सारखे नसतात.

पायरी १. नवी फाइल उघडा आणि लगेच सेव्ह करा. स्प्रेडशीट वर्कबेंचमध्ये जाऊन एक तक्ता घाला. पहिल्या रकान्यात मापाचं नाव, दुसऱ्यात आकडा. आकड्याच्या प्रत्येक सेलला टोपणनाव, म्हणजे एलियस द्या: बाहेरच्या व्यासासाठी ओडी, मग बोअर, पीसीडी, भोकांच्या संख्येसाठी होल्स, भोकाच्या व्यासासाठी होलडाया, जाडीसाठी थिक. ही नावं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करायची. यात दोन खड्डे आहेत. ओडी१ असं अक्षरांनंतर आकडा असलेलं नाव दिलं तर तो सेलचाच पत्ता ठरतो आणि नाव नाकारलं जातं. आणि एकाक्षरी नावं टाळा, कारण एन म्हणजे न्यूटन आणि एम म्हणजे मीटर असं सॉफ्टवेअर धरतं. लांबीचे आकडे मिमी लावून लिहा. भोकांची संख्या मात्र नुसती ४, एकक न लावता.

पायरी २. पार्ट डिझाइनमध्ये या, बॉडी तयार करा, एक्स-वाय प्लेनवर स्केच उघडा. दोन वर्तुळं काढा. दोन्हींची केंद्रं मूळबिंदूला कोइन्सिडंट कन्स्ट्रेंटने, म्हणजे दोन बिंदू एकाच जागी ठेवणाऱ्या बंधनाने, बांधा. डोळ्याने मध्यावर ठेवलेलं केंद्र मध्यावर नसतं. आता बाहेरच्या वर्तुळाला व्यासाचं माप लावा. आकड्याच्या चौकटीत बरोबरचं चिन्ह दाबलं की सूत्राची जागा उघडते. तिथे तक्त्याचं नाव, टिंब आणि टोपणनाव लिहा: स्प्रेडशीट.ओडी. आतल्या वर्तुळाला तसंच बोअर.

आता रंगाकडे पाहा. स्केच पूर्ण बांधलं गेलं की सगळ्या रेघा हिरव्या होतात आणि बाजूच्या पॅनेलमध्ये तसा संदेश येतो. नाही झालं तर किती डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे न बांधलेल्या हालचाली, शिल्लक आहेत तो आकडा दिसतो. शून्य होईपर्यंत स्केच बंद करू नका, सवयच लावून घ्या. अर्धवट बांधलेलं स्केच आज नीट दिसतं आणि पुढच्या महिन्यात माप बदललं की वेडंवाकडं उलटतं. उलट बाजूने, एकच गोष्ट दोनदा बांधली तर तक्रार येते. अशा वेळी नवं बंधन टाकत बसू नका. शेवटचं काढा आणि जास्तीचं कोणतं ते शोधा.

पायरी ३. स्केच बंद करून पॅड द्या, म्हणजे स्केचला जाडी द्या. लांबीच्या जागी स्प्रेडशीट.थिक. मध्ये बोअर असलेली चकती तयार झाली. पॅड होत नसेल तर कारण बहुतेक दोनांपैकी एक असतं: आकृती कुठेतरी उघडी आहे, किंवा एकावर एक अशा दोन रेघा पडल्या आहेत. ड्राफ्टिंगमध्ये दुहेरी रेघ प्रिंटवर दिसत नाही म्हणून खपते. इथे खपत नाही.

पायरी ४. बोल्टचं भोक. हा भाग सावकाश करा, पॅरामेट्रिकची खरी ताकद इथे दिसते. नवं स्केच पुन्हा एक्स-वाय प्लेनवरच उघडा, चकतीच्या पृष्ठभागावर नाही. मूळबिंदूपासून एक तिरपी रेघ काढा आणि तिला कन्स्ट्रक्शन रेघ करा, म्हणजे ती आकारात धरली जाणार नाही. तिची लांबी स्प्रेडशीट.पीसीडी भागिले २. तिचा एक्स अक्षाशी कोन १८० अंश भागिले स्प्रेडशीट.होल्स, म्हणजे सूत्रात १८० डीईजी, तिरकी रेघ आणि मग नाव. रेघेच्या टोकावर वर्तुळ काढा, व्यास स्प्रेडशीट.होलडाया.

कोन असा का? पाइपलाइनच्या कामात बोल्टची भोकं मध्यरेषेवर न ठेवता तिच्या दोन्ही बाजूंना सारखी ठेवण्याची रीत आहे. चार भोकांना पहिला कोन ४५ अंश येतो, आठांना २२.५. ड्राफ्टिंगमध्ये हा हिशेब दर वेळी डोक्यात करून भोकं फिरवावी लागतात. इथे तो सूत्रात एकदाच लिहिला.

आता पॉकेट द्या, म्हणजे स्केचच्या आकाराने धातू कापा, प्रकार थ्रू ऑल (आरपार). भोक पडलंच नाही किंवा एरर आला तर घाबरू नका. पॅड प्लेनच्या वर गेला आणि पॉकेट त्याच प्लेनपासून खाली कापतो, जिथे धातूच नाही. रिव्हर्स्डवर खूण करा, काम होईल.

पायरी ५. पॉकेट निवडून पोलर पॅटर्न घ्या. अक्ष झेड, कोन ३६०, संख्येच्या जागी स्प्रेडशीट.होल्स. चार भोकं झाली. चारही वर्तुळं स्केचमध्ये हाताने काढणं ही ड्राफ्टिंगची सवय आहे. तसं केलं तर चाराची आठ करताना स्केच उघडून पुन्हा काढावं लागतं.

पायरी ६. बोअरच्या कडेला वेल्डिंगसाठी चॅम्फर (तिरपी कापलेली कड) असेल तर तो सगळ्यात शेवटी.

खरी परीक्षा

तक्त्यात आकडे बदला, तीन इंची पाइपसाठी: ओडी २००, बोअर ९०.५, पीसीडी १६०, होल्स ८. भोकाचा व्यास आणि जाडी तशीच. रिकॉम्प्यूट केलं की फ्लँज उभा राहायला हवा, आठ भोकांसकट, पहिलं भोक २२.५ अंशावर. काही तुटलं तर कोणत्या पायरीवर तुटलं ते डावीकडच्या झाडात लाल खुणेने दिसतं. तिथूनच दुरुस्ती करा, पुढच्या पायऱ्या पुसू नका.

सॉफ्टवेअर आकड्याचं ऐकतं, आकडा शहाणा आहे का ते बघत नाही. ओडी १३० आणि पीसीडी १२५ दिलं तर ते मुकाट्याने कड फोडून भोक पाडेल. म्हणून तक्त्यात एक तपासणीची ओळ ठेवा: ओडी वजा पीसीडी वजा होलडाया, भागिले २. वरच्या दोन्ही फ्लँजना हे उत्तर ११ मिमी येतं. कडेपासून उरलेला हा धातू फार कमी किंवा उणे आला की आकडा चुकला.

दुसरी तपासणी वजनाची. एका सेलमध्ये बॉडीचं घनफळ गुणिले ०.०००००७८५ लिहिलं की पोलादाचं वजन किलोत मिळतं. सूत्र बॉडी.शेप.व्हॉल्यूम असं. पण ते त्याच तक्त्यात लिहू नका. बॉडी त्या तक्त्यावर अवलंबून आहे, तक्ता पुन्हा बॉडीवर अवलंबला की चक्र होतं आणि सॉफ्टवेअर नकार देतं. दुसरा तक्ता घाला. चॅम्फर न धरता दोन इंचीचं वजन सुमारे २.७३ किलो यायला हवं, तीन इंचीचं ३.६० किलो. कोटेशन देताना हाच आकडा हाताशी लागतो, फक्त कापून गेलेल्या प्लेटचं वजन वेगळं धरा.

मालक माप निवडणं

फ्लँजमध्ये निवड सोपी होती, पीसीडीच मालक. ड्राफ्टिंगमधून आलेली माणसं भोक कडेपासून मोजतात, कारण टेपने तसं मोजता येतं. कडेपासून २० मिमी असं बांधलं तर बाहेरचा व्यास वाढवताच पीसीडी बदलतो आणि समोरच्या फ्लँजशी बोल्ट जुळत नाहीत. दुसऱ्या भागाशी जे माप जुळायचं ते मालक करा. कड मागून आली तरी चालते.

मोटरच्या बेसप्लेटवर हे आणखी स्पष्ट होतं. ९०एस फ्रेमच्या मोटरला पायाची भोकं शाफ्टच्या आडव्या दिशेने १४० आणि शाफ्टच्या दिशेने १०० मिमी अंतरावर असतात, भोक १० मिमी, शाफ्टची उंची ९०. ९०एल मध्ये बाकी सगळं तेच, फक्त १०० चे १२५ होतात. चार पोलमध्ये साधारण दीड एचपीच्या जागी दोन एचपी आली की एवढाच बदल. पुढच्या १००एलला १६०, १४०, भोक १२, उंची १००. भोकं प्लेटच्या मध्यरेषांना सिमेट्रिक कन्स्ट्रेंटने बांधा, हे चार आकडे तक्त्यात घाला, आणि प्लेटची लांबी-रुंदी त्यांच्यावरून सूत्राने काढा. पट्टा ताणण्यासाठीचे स्लॉट शाफ्टला काटकोनात असतात. मॉडेलमध्ये ही दिशा चुकली तर आकडे सगळे बरोबर असूनही प्लेट कामाची नाही.

काय बिघडतं आणि का

सर्वांत जास्त डोकेदुखी देणारी गोष्ट म्हणजे कडांची आणि पृष्ठभागांची नावं. सॉफ्टवेअर आतल्या आत पृष्ठभागाला क्रमांक देतं: फेस ६, एज १२. तुम्ही फेस ६ वर स्केच बसवलं आणि नंतर मागच्या पायरीत एक खाच वाढवली, की क्रमांक हलतात. फिलेट (कडेची गोलाई) भलत्याच कडेवर जातं, स्केच उलट्या बाजूला चिकटतं. फ्रीकॅडच्या जुन्या आवृत्त्यांत हे फार होत असे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० मध्ये ते बरंच कमी झालं, पूर्ण संपलेलं नाही. म्हणूनच वर दोन्ही स्केच मूळ प्लेनवर घेतली आणि चॅम्फर शेवटी ठेवला. प्लेनपासून अंतरावर बसायचं असेल तर डेटम प्लेन घ्या आणि त्याचं अंतर तक्त्यातून द्या.

फिलेट होत नसेल तर त्रिज्या तपासा. ५ मिमी जाडीच्या पट्टीच्या दोन्ही कडांना ३ ची त्रिज्या मागितली तर जागाच नाही.

जुन्या डीएक्सएफवरून मॉडेल करायचा मोह होतो. फाइल आत घेतली तर रेघा येतात, बंधनं येत नाहीत. टोकं मिमीच्या शंभराव्या भागाने सुटलेली असतात आणि पॅड होत नाही. साध्या भागाला आकडे वाचून नव्याने स्केच करणं जवळजवळ नेहमीच लवकर होतं. शिवाय जुन्या ड्रॉइंगमधलं खोटं माप त्याच वेळी पकडलं जातं.

पत्र्याच्या कामाला वेगळी काळजी लागते. २ मिमी पत्र्याचा बाहेरून ५० बाय ५० चा एल, आतली त्रिज्या २: सपाट पट्टी १०० ची नाही. के-फॅक्टर (वाकवताना न ताणली जाणारी रेषा आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) ०.४ धरला तर वाकाची लांबी ४.४ मिमी आणि सपाट पट्टी ९६.४ मिमी. ड्राफ्टिंगमध्ये हे हाताने काढावं लागतं. फ्रीकॅडमध्ये शीटमेटल हे जोड वर्कबेंच घातलं की उलगडलेला आकार मॉडेलमधून निघतो. के-फॅक्टर मात्र तुमच्या प्रेसवर एक तुकडा वाकवून, मोजून ठरवा. पुस्तकातला आकडा सुरुवातीपुरताच.

ड्राफ्टिंग कुठे ठेवायचं

सगळं सॉलिडमध्ये करायचा हट्ट नको. केळीच्या शेताचा ठिबक आराखडा, त्यातली मेन, सबमेन, लॅटरल, व्हॉल्व्हच्या जागा, हे दोन मितींचंच काम आहे. शेडचा कॉलम प्लॅन, पॅनेलची वायरिंग, मशीन कुठे बसवायचं त्याचा लेआउट तसाच. एकदाच कापायची साधी प्लेट लिब्रेकॅड या दोन मितींच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काही मिनिटांत होते, तिला इतिहासाची गरज नाही. पॅरामेट्रिकची मेहनत तिथे वसूल होते जिथे तोच भाग वेगवेगळ्या मापांत पुन्हा पुन्हा येतो, किंवा बरेच भाग एकमेकांत बसायचे असतात.

ड्रॉइंग आणि फाइल देताना

मॉडेल झालं म्हणजे ड्रॉइंग सुटलं असं नाही. मशीनवरच्या माणसाला कागद लागतोच. टेकड्रॉ वर्कबेंचमध्ये पान घ्या, समोरचा व्ह्यू ठेवा, त्यावरून सेक्शन काढा. प्रोजेक्शन फर्स्ट अँगल आहे का तेवढं सेटिंगमध्ये आणि टायटल ब्लॉकच्या चिन्हात एकदा तपासा. आपल्याकडे आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये तेच शिकवतात, आणि बाहेरून आलेल्या टेम्प्लेटवर कधी कधी थर्ड अँगलचं चिन्ह असतं. टॉलरन्स आणि फिनिश इथे, ड्रॉइंगवर लिहा. मॉडेलमध्ये मूळ माप ठेवा. बोअर ६१.५ ऐवजी ६१.७ असं मॉडेलमध्येच ढकलू नका, नाहीतर पुढचा माणूस त्यावर पुन्हा टॉलरन्स चढवतो.

कटिंगवाल्याला डीएक्सएफ द्या, प्रमाण १:१, एकक मिमी. त्याच्याकडे फाइल इंचात उघडली तर आकार २५.४ पट होतो. म्हणून फाइलीसोबत एक ठळक माप लिहून कळवा: बाहेरचा व्यास १६५. टॉर्च किंवा किरणाने खाल्लेल्या जागेची भरपाई त्याचं मशीन करतं, तुम्ही रेघ आधीच सरकवून देऊ नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला स्टेप फाइल द्या. त्यात आकार अचूक जातो, पण पायऱ्या आणि तक्ता जात नाही, समोरच्याला नुसता ठोकळा मिळतो. त्रिमितीय प्रिंटला एसटीएल. मूळ फाइल, जिच्यात तक्ता आणि झाड आहे, ती तुमच्याकडे जपून ठेवा.

असेंब्ली पेनड्राइव्हवर नेताना सगळा फोल्डर न्या. एकटी असेंब्लीची फाइल नेली किंवा मध्येच एखाद्या भागाच्या फाइलीचं नाव बदललं, की जोडणी तुटते आणि भाग गायब दिसतात. बदल झाला की नावाच्या शेवटी आर१, आर२ लावण्याऐवजी फाइलचं नाव तेच ठेवा, जुनी प्रत तारखेच्या फोल्डरमध्ये टाका, आणि रिव्हिजन क्रमांक टायटल ब्लॉकमध्ये वाढवा. शॉपमध्ये गेलेली जुनी प्रिंट परत मागवून फाडा.